निळ्या डायलची ओमेगा घेऊ का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी मिरजेत माध्यमिक शाळेत शिकवते. माझे आजोबा रेल्वेत गार्ड होते. त्यांचं फेवर ल्युबा 'सी चीफ' हे चावीचं घड्याळ गेल्या वर्षी आईनं मला दिलं आणि तेव्हापासून जुन्या स्विस घड्याळांचं अक्षरशः वेड लागलंय. रोज रात्री मोबाइलवर तेच बघत बसते. आता संग्रह सुरू करावा असं मनात आहे. चाळीस हजार रुपये बाजूला काढलेत. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे 'अतिदुर्मिळ, १९६० च्या दशकातली ओरिजिनल ओमेगा' साडेचौदा हजारांना आहे. डायल निळी-केशरी, एकदम नवीकोरी दिसते. एक हजार टोकन दिलंय, बाकीचे या आठवड्यात द्यायचेत. घेऊ ना? दुसरं, आजोबांच्या घड्याळाची डायल पिवळट पडलीय, तीनच्या खुणेजवळ डाग आहेत. इथले घड्याळजी म्हणतात, आठशे रुपयांत डायल नव्यासारखी करून देतो, केसलाही, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचालाही, बफ मारून चकचकीत करून देतो. करून घेऊ का? आणि शेवटचं. मिस्टर म्हणतात, हौसेला मोल नसतं हे खरं, पण त्यापेक्षा एफडी बरी. ही घड्याळं पुढे चांगली किंमत देतील का? दोन्ही घड्याळांचे फोटो सोबत पाठवतेय.
– स. कु., मिरज

स. कु. ताई, नमस्कार.

ओमेगा घेऊ नका. आजोबांच्या घड्याळाची डायल रंगवू नका आणि केसला बफ लावू देऊ नका. तुमचा आठवडा संपत आलाय म्हणून उत्तरं आधी दिली. आता कारणं सांगतो.

तुम्ही पाठवलेले ओमेगाचे फोटो मोठे करून पाहिले. डायलवर 'ऑटोमॅटिक' असं ठळक लिहिलंय. विक्रेत्यानं मागचं झाकण उघडून मशीनचाही फोटो दिलाय, हे बरं झालं. ऑटोमॅटिक घड्याळाच्या मशीनवर रोटर असतो, म्हणजे मनगट हललं की फिरणारं अर्धगोल वजन. त्याच्या फिरण्यानं स्प्रिंग भरत राहते. ओमेगाच्या आणखी जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हे वजन पूर्ण फिरत नसे, दोन बाजूंच्या छोट्या स्प्रिंगांवर आपटून परत येई. तुमच्या फोटोत यातलं काहीच नाही. ते सरळसरळ चावीचं मशीन आहे. आत चावीचं मशीन असलेल्या घड्याळाच्या डायलवर कंपनी 'ऑटोमॅटिक' कशाला छापेल?

त्याच फोटोत मशीनवर कोरलेला क्रमांक वाचता येतो. तो एक कोटी अकरा लाखांच्या घरातला आहे. ओमेगाचे क्रमांक ढोबळमानानं वर्षांशी जुळवता येतात. एक कोटीचा आकडा १९४४ च्या सुमाराचा, दोन कोटींचा १९६३ च्या सुमाराचा. म्हणजे हे मशीन १९४७ च्या आगेमागे बनलेलं आहे आणि 'साठच्या दशकातली' हा दावा इथेच गळून पडतो. डायलकडे पुन्हा बघा. मिनिटांच्या बारीक रेघा चार आणि आठच्या खुणांशी जुळत नाहीत, थोड्या सरकलेल्या आहेत. सहाच्या खाली 'स्विस मेड' ही अक्षरं कडेच्या गोलाईला धरून हवीत, ती एका बाजूला उतरलीत. सेकंदाचा काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतच नाही, म्हणजे तोही बहुधा दुसऱ्या घड्याळाचा आहे.

आता याची दुसरी बाजू. आतलं तांबूस रंगाचं मशीन खरं दिसतंय आणि ते फार सुंदर काम आहे. चाळीसच्या दशकातली ओमेगाची चावीची मशीनं टिकाऊपणासाठी नावाजलेली आहेत, तेल-पाणी वेळेवर झालं तर आजही चोख चालतात. म्हणजे घड्याळ पूर्ण बनावट नाही. मशीन जुनं, डायल अलीकडे रंगवलेली, काटे इकडून-तिकडून आणलेले, केस कुठली ते ठाऊक नाही. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं यावं याचं मला वाईट वाटतं, कारण यामागे एक मोठी कारागिरी आहे आणि तिचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती, घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली ती १९६१ साली, आणि तीही मागणीला पुरी पडत नव्हती. अशा वेळी घरात असलेलं स्विस घड्याळ जपून वापरायचं, मोडलं की दुरुस्त करायचं आणि मुलाला द्यायचं अशी रीत होती. समुद्राच्या दमट हवेत आणि घामात डायल लवकर खराब होई. नवी मिळायची सोय नव्हती. मग मुंबईतले कारागीर ती काढून, जुना रंग खरवडून, नवा रंग आणि लॅकर देऊन, कोरलेल्या प्लेटवरची अक्षरं मऊ पॅडनं उचलून पुन्हा छापत. गिऱ्हाइकाला स्वच्छ डायल हवी असे, ती मिळे. यात फसवणूक कुठेच नव्हती. फसवणूक सुरू होते ती तेच घड्याळ 'ओरिजिनल' आणि 'अतिदुर्मिळ' म्हणून विकलं जातं तिथे. मूळ डायलवर कधीच नसलेले भडक रंगही त्यासाठीच देतात, कारण मोबाइलच्या पडद्यावर ते उठून दिसतात.

मूळ आणि रंगवलेली डायल ओळखायला शिकलात की या छंदातली निम्मी लढाई जिंकलीत. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. तुमच्या चाळीस हजारांतली पहिली खरेदी हीच असू दे. भिंगातून आधी अक्षरांच्या कडा बघा. कारखान्यात छापलेलं अक्षर डायलवर किंचित उचललेलं दिसतं, त्याची कड धारदार असते, 'एस'च्या पोटातली मोकळी जागासुद्धा स्वच्छ असते. नंतर छापलेल्या अक्षरांची शाई कडेनं फुटलेली असते, जाडी कमी-जास्त होते, कधी अक्षराखाली जुन्या अक्षराची सावलीही दिसते. मग मिनिटांच्या रेघा बघा. प्रत्येक खूण बरोबर रेघेवर बसते का? छोट्या सेकंदाचं वर्तुळ असेल तर ते बाकीच्या छपाईला कुठे कापतं आणि कसं कापतं? तारखेची खिडकी असेल तर तिच्या कडेला रंगाचा थर साचलाय का? आणि शेवटी त्याच मॉडेलचे, त्याच सालाचे, विश्वासू लिलावांतले फोटो शेजारी ठेवून ताडून बघा. हे सगळं नजरेत बसायला वेळ लागतो. पण एकदा बसलं की फोटो उघडल्या उघडल्याच कळतं.

मोठमोठ्यांची नजरसुद्धा इथे चुकते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात १९५७ ची ओमेगा स्पीडमास्टर विकली गेली. मॉडेल २९१५-१, काळी डायल काळाच्या ओघात तपकिरी झालेली. किंमत एकतीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेली आणि घेणारी होती खुद्द ओमेगाच, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये ओमेगानंच सांगितलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. यातले बरेचसे सुटे भाग खरे होते. ते एकत्र एका घड्याळात कारखान्यातून कधीच बाहेर पडले नव्हते, एवढंच.

म्हणून माझं सांगणं असं की दुर्मिळपणाच्या मागे लागू नका. खरं दुर्मिळ घड्याळ कसं असतं हे माहीत असावं. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १५१८ हे मॉडेल १९४१ साली आलं. एकाच घड्याळात लीप वर्षासकट तारीख सांभाळणारं कॅलेंडर आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच), असं नियमित उत्पादनात पहिल्यांदाच. ते एकूण २८१ बनले, त्यातले स्टीलचे आज फक्त चार ठाऊक आहेत. त्यातलंच एक २०१६ मध्ये एक कोटी दहा लाख फ्रँकला गेलं. असली गोष्ट साडेचौदा हजारांना मोबाइलवर येत नसते. आपल्या आवाक्यातल्या किमतीत जे खरोखर कमी उरलंय ते म्हणजे कुणी हात न लावलेलं, अंगच्या रंगात असलेलं साधं घड्याळ. ते गोळा करायचं.

आणि असं एक तुमच्याकडे आहेच!

आजोबांच्या सी चीफचा फोटो मी बराच वेळ बघत होतो. पांढऱ्या डायलला साय धरल्यासारखा पिवळेपणा आलाय, तीनजवळ दोन-तीन ठिपके आहेत, पण छपाई अस्सल आहे. 'फेवर ल्युबा'ची अक्षरं रेखीव आहेत आणि सहाच्या खाली 'स्विस मेड' अगदी कडेला, अर्धं केसच्या ओठाखाली दडलेलं, जसं असावं तसंच आहे. केसच्या पट्टा अडकवायच्या शिंगांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत. बफ मारला की पहिल्यांदा त्याच गोल होतात आणि पुन्हा परत येत नाहीत. साठच्या दशकात विकलेलं, एकाच माणसाच्या मनगटावर राहिलेलं, डायल आणि केसला हात न लागलेलं घड्याळ मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं शोध घेतात. आठशे रुपयांत ते घालवू नका.

तुमच्या घड्याळजींवर माझा राग नाही. त्यांना दुरुस्तीचं काम म्हणून ते बरोबरच वाटतं. त्यांना स्पष्ट सांगा: मशीन खोला, धुवा, तेल घाला, डायल आणि काटे फक्त कोरड्या ब्लोअरनं झटका, दुसरं काही नको. काच प्लॅस्टिकची असते. ओरखडे असतील तर पॉलिश चालेल, तडा असेल तर बदला. झाकणाचा गॅस्केट, म्हणजे पाणी रोखणारं रबरी कडं, बदला. एखादा भाग बदलावा लागला तर जुना भाग पुडीत घालून परत मागा. चावी, म्हणजे बाजूची फिरवायची खुंटी, बदलायची म्हणाले तर आधी विचारा की जुनी खरंच झिजलीय का, कारण फेवर ल्युबाचं चिन्ह असलेली चावी आता सहज मिळत नाही. डायलवर 'ट्विन पॉवर' लिहिलेलं असेल तर झाकण उघडल्यावर आत स्प्रिंगची दोन बॅरल (स्प्रिंग गुंडाळून ठेवायच्या डब्या) आहेत का तेही बघून घ्या. कंपनीनं साठच्या दशकात दोन बॅरलची ही पातळ मशीनं आणली आणि त्यांचं हे खास काम होतं. एकच बॅरल निघालं तर कधीतरी मशीन बदललेलं आहे.

सर्व्हिसिंग होईपर्यंत चावी देऊन चालवून बघायचा मोह आवरा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमधलं तेल सुकून चिकट होतं. चक्रांची सुईसारखी टोकं कोरडी फिरली तर झिजतात. नंतर घड्याळ अचानक दिवसाला बरीच मिनिटं पुढे जायला लागलं तर ते बिघडलं असं लगेच समजू नका. मोबाइलच्या कव्हरच्या किंवा पर्सच्या चुंबकानं आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकीय होते, वेटोळी एकमेकांना चिकटतात. घड्याळजींकडे त्यावर मिनिटभराचा उपाय असतो. 'सी चीफ' नावावर जाऊन पाण्यात मात्र नेऊ नका. साठ वर्षांनंतर त्या जलरोधकपणाचा भरवसा धरता येत नाही.

पुढे कधी चाळीस-पन्नासच्या दशकातलं, आकड्यांवर आणि काट्यांवर हिरवट-तपकिरी रंग भरलेलं घड्याळ हाती आलं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्या रंगात रेडियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असू शकतं. अंधारात तो आता चमकत नाही, कारण सोबतचं चमकणारं झिंक सल्फाइड केव्हाच थकलेलं असतं. रेडियम तसंच असतं, त्याचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं आहे. असं घड्याळ स्वतः उघडू नका, रंग नखानं खरवडू नका, उशाशी ठेवू नका, आणि दुरुस्तीला देताना घड्याळजींना आधी सांगा. नंतरच्या घड्याळांत ट्रिशियम आलं. डायलच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर असेल तर ते ट्रिशियमचं. त्याचं अर्धायुष्य बाराएक वर्षांचंच, म्हणून साठच्या दशकातलं असं घड्याळ आज अंधारात लख्ख उजळत असेल तर रंग नंतर भरलेला आहे असं समजा.

आता संग्रहाबद्दल. तुम्ही 'जुनी स्विस घड्याळं' असं म्हणता, पण हे क्षेत्र अफाट आहे. माणूस सगळीकडे बघत राहतो आणि कशातच नजर तयार होत नाही. तुमच्या हाती एक धागा आहे, तोच धरा: भारतात विकली गेलेली स्विस घड्याळं. फेवर ल्युबाचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावातलं, घराण्याची घड्याळजीची सुरुवात १७३७ ची. १८६५ पासून त्यांनी भारताच्या बाजारात पाय रोवले आणि मुंबईत आपलं बस्तान बसवलं. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे नोकरदार माणसाला लग्नात किंवा पहिल्या पगारात घ्यावंसं वाटणारं हेच नाव होतं. याच कंपनीनं १९६२ साली उंची मोजणारं 'बिव्हुआक' आणि १९६८ साली पाण्याची खोली मोजणारं 'बाथी' बनवलं. २०११ मध्ये ती टाटांच्या टायटननं विकत घेतली होती, पुढे तिचे मालक पुन्हा बदलले. दुसरं नाव वेस्ट एंड वॉच कंपनी. ही १८८६ पासूनची, मुंबई-कलकत्त्याच्या बाजारासाठी काम करणारी. तिचं 'सोवार' पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेच्या मनगटावर होतं. तिची काही मशीनं लाँजीन या नामांकित स्विस कंपनीनं बनवलेली असत, झाकण उघडल्यावर ते कळतं आणि आनंद होतो. याशिवाय रोमर, कॅमी, टिटोनी, हेन्री सँडोज, एनिकार. ही नावं तुमच्या आसपासच्या घरांमध्ये कपाटात अजून पडलेली आहेत. शाळेतल्या सहकाऱ्यांना, निवृत्त शिक्षकांना विचारून बघा. ज्या घरातून घड्याळ मिळेल तिथून त्याची हकिकत लिहून घ्या. कुणी, कधी, कुठून घेतलं, बिल किंवा डबी आहे का. दुकानाचं नाव असलेलं पिवळं पडलेलं बिल मिळालं तर ते लॅमिनेट करू नका, नुसतं साध्या पाकिटात ठेवा. आजोबांच्या घड्याळाबद्दलही आईला आजच विचारून घ्या. रेल्वेचा गार्ड दिवसभर घड्याळावरच काम करायचा, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच असेल.

चाळीस हजारांचं म्हणाल तर आजोबांच्या घड्याळाची सर्व्हिसिंग आणि भिंग एवढंच आत्ता करा. पुढचे पाच-सहा महिने काहीही विकत घेऊ नका, फक्त बघा. मुंबईला गेलात तर चोरबाजारात चक्कर मारा, घड्याळं हातात घ्या, भिंग लावा, भाव विचारा आणि रिकाम्या हातांनी परत या. नंतर एक, फक्त एकच, न रंगवलेल्या डायलचं, चालू वेस्ट एंड किंवा फेवर ल्युबा घ्या.

तुमच्या मिस्टरांशी मी पैशांच्या बाबतीत सहमत आहे. या किमतीची घड्याळं गुंतवणूक म्हणून घेऊ नयेत. हजारोंनी विकली गेलेली ही घड्याळं आहेत, विकायला गेलात की गिऱ्हाईक शोधावं लागतं, दलाल आपला वाटा काढून घेतो, मधल्या काळातल्या सर्व्हिसिंगचा खर्च कुणी भरून देत नाही. लिलावांतल्या कोट्यवधींच्या बातम्या मूठभर घड्याळांच्या असतात. एफडी वेगळी ठेवा आणि छंदासाठी दरवर्षी घराला झेपेल तेवढी रक्कम दोघांनी बसून ठरवा. ती रक्कम परत येणार नाही असं धरूनच ठरवा, म्हणजे नंतर घरात वाद होणार नाहीत.

राहिला प्रश्न टोकनचा. विक्रेत्याला आजच लेखी कळवा. भांडू नका, फक्त तीन गोष्टी मांडा: जाहिरातीत साठचं दशक लिहिलंय आणि मशीनचा क्रमांक १९४७ च्या आसपासचा आहे, डायलवर 'ऑटोमॅटिक' आहे आणि आत चावीचं मशीन आहे, डायल नंतर रंगवलेली असूनही 'ओरिजिनल' म्हटलंय. त्या आधारावर व्यवहार रद्द करून हजार रुपये परत मागा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मशीनचा फोटो आधी जपून ठेवा, कारण असं कळवल्यावर जाहिरात पुष्कळदा काढून टाकली जाते. तो किंमत कमी करून दहा हजारांना देतो म्हणाला तरी नको म्हणा. हजार रुपये परत मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी उरलेले साडेतेरा हजार मात्र पाठवू नका.